डॉलरचं रक्त

माझ्या लॅबच्या दारावर पाटी आहे : ‘येथे फक्त प्राण्यांचे रक्त तपासले जाते. माणसांनी आग्रह करू नये.’ पुण्यात पाटी लावली की लोक ती उभं राहून वाचतात, शुद्धलेखन तपासतात आणि मग आत येऊन नेमका तोच आग्रह करतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी बद्रीनाथकाका तर रोज फिरून येताना बोट पुढे करून उभे राहायचे. “तुमचं मशीन चालूच असतं, एक थेंब आमचाही घ्या.” मी त्यांना सांगायचे, की घेते, पण रिपोर्टवर जात कोणती लिहू ते ठरवून या. ते काही मनाला लावून घ्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी तेच बोट पुन्हा हजर.

मी डॉक्टर कौशल्या केतकर. जनावरांची डॉक्टर, पण वीस वर्षांत जनावराला क्वचितच हात लावलेला आहे. मला लोक फक्त रक्त पाठवतात. सरकारी कॉलेजात शिकवायची नोकरी सोडून मी कर्वेनगरला तळमजल्यावर लॅब काढली, तेव्हा नातेवाइकांनी डोक्याला हात लावला होता. पण तेव्हा हिंजवडीत रोज एक नवी कंपनी उघडत होती, कंपनीतल्या प्रत्येक जोडप्याला मुलाआधी कुत्रा हवा होता, आणि त्या कुत्र्याला शिंक आली तरी त्यांना रिपोर्ट हवा असायचा. एका बीगलचा मालक मला दर महिन्याला कुत्र्याच्या किडनीचा आलेख मेलवर पाठवायचा, रंगीत. कुत्रा ठणठणीत होता. मालकाची मला काळजी वाटायची.

मला राग येतो तो बाणांचा. मशीन आकडा छापतं आणि शेजारी बाण काढतं, वर किंवा खाली. आजकालचे डॉक्टर आकडा वाचत नाहीत, बाण मोजतात. वर गेलेल्या बाणाला एक गोळी, खाली आलेल्याला एक टॉनिक. रक्त म्हणजे काही बाजारभाव नव्हे. ते कुणाचं आहे, किती वयाचं आहे, काय खाऊन आलंय, हे ठाऊक नसेल तर आकड्याला काडीचा अर्थ नसतो. हे मी कॉलेजात पंधरा वर्षं ओरडून सांगितलं. ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्यात श्यामसुंदर पहिला होता. तो पास झाला हा माझ्या हातून घडलेला गुन्हा आहे.

या श्यामसुंदरचा हिंजवडीत दवाखाना होता. पूर्वी तो तिथल्या म्हशी बघायचा. म्हशी विकल्या गेल्या, गोठ्यांच्या जागी होस्टेलं आली, तसा तो लॅब्रेडोर बघायला लागला. २००६च्या मार्चमध्ये एका गुरुवारी त्याच्याकडून नमुना आला. दोन नळ्या, एक जांभळ्या झाकणाची, एक लाल. माझा नियमच आहे, दोन्ही नळ्या नसतील तर नमुना परत. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं : नाव डॉलर, जात लॅब्रेडोर, नर, वय सहा. मालक संपत धुमाळ. तपासणी : फक्त साखर. ‘फक्त’खाली दोन रेघा.

‘फक्त’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. शिवाय लाल झाकणाच्या नळीतलं रक्त गोठून वर जो पाण्यासारखा भाग सुटायला हवा, तो दुधासारखा पांढराफट्ट होता. कागदावर तर ‘उपाशीपोटी’ लिहिलेलं. उपाशी कुत्र्याच्या रक्तात एवढी चरबी आली कुठून? मी सगळ्याच तपासण्या लावल्या.

साखर आली तीनशे शहाऐंशी. कुत्र्याची उपाशीपोटी शंभराच्या आतबाहेर असते. ठीक, मधुमेह. लठ्ठ लॅब्रेडोरला होतो कधीकधी. मग युरिक ॲसिड आलं आठ पॉइंट चार. कुत्र्याच्या रक्तात युरिक ॲसिड नावापुरतंच सापडतं, कारण त्याचं लिव्हर ते पुढे मोडून टाकतं. ही सोय देवाने कुत्र्याला दिली आणि माणसाला दिली नाही. मी मशीनला शिव्या घातल्या, स्वच्छ केलं, पुन्हा लावलं. आठ पॉइंट चार. अमायलेज, म्हणजे पचनाचं एन्झाइम, कुत्र्यात पाचसहाशे सहज असतं, इथे एकसष्ट. लाल पेशींचा आकार एक्याण्णव, कुत्र्याचा सत्याहत्तरच्या वर जात नाही. आणि लिव्हरचं एक एन्झाइम, जे कुत्र्यात दहाच्या आत गप बसलेलं असतं, ते एकशे अठ्ठेचाळीस.

मी चहा केला. चहा पिताना बाण झाकून नुसते आकडे वाचले. कुत्रा म्हणून बघितलं तर एकही आकडा जागेवर नव्हता. माणूस म्हणून बघितलं तर तो माणूस समोर येऊन बसला : पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, फक्त शनिवारी पिणारा आणि आठवड्यातले बरेचसे दिवस शनिवार मानणारा.

मी श्यामसुंदरला फोन लावला.

“श्यामसुंदर, डॉलर कसा आहे?”

“बरा आहे मॅडम. थोडा थकल्यासारखा वाटतो.”

“दारू किती पितो?”

पलीकडे दवाखान्याचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

“मॅडम, रिपोर्टवर फक्त साखर लिहून दिलीत तर...”

“साखर तीनशे शहाऐंशी आहे. कुठे जखम वगैरे?”

“आहे. पायाला. दीड महिना झाला, भरत नाहीये.”

“कोणत्या पायाला?”

“उजव्या.”

“पुढच्या की मागच्या?”

“मागच्या,” तो म्हणाला.

“आणि तू काय लावतोयस?”

“आपलं ते पिवळं मलम, मॅडम. म्हशींच्या खुरांना लावायचो ते.”

त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी त्याने सगळं ओकलं. संपतअण्णा त्याचे जुने गिऱ्हाईक. दवाखान्याचा गाळाही त्यांचाच. माणसांच्या डॉक्टरकडे जाणार नाही म्हणून अण्णांनी शपथ घेतलेली, आणि कुणाला सांगायचं नाही म्हणून श्यामसुंदरला शपथ घातलेली. गावातल्या लॅबमध्ये गेलं तर चहाच्या टपरीवर रिपोर्ट आधी पोचणार. मग अण्णांनीच तोडगा काढला, डॉलरच्या नावाने पाठव म्हणाले.

“आणि तू पाठवलंस.”

“मला वाटलं साखर तर सगळ्यांची सारखीच असते, मॅडम. आणि रक्त काय, लालच.”

पाच वर्षं शिकून, एक वर्ष नापास होऊन, या मुलाने रक्ताबद्दल एवढं मिळवलं होतं. मी त्याला म्हटलं, उद्या दुपारी तीन वाजता डॉलरला घेऊन ये, आणि ज्याचं हे रक्त आहे त्यालाही. नाही आलात तर तुला लायसन्स देणाऱ्या व्हेटर्नरी कौन्सिलला मी पत्र लिहीन.

फोन ठेवला आणि मग मला घाबरल्यासारखं झालं. माणसाच्या रक्तावर रिपोर्ट द्यायचा मला अधिकार नाही. कायद्याने मी ते रक्त ओतून द्यायला हवं होतं आणि गप्प बसायला हवं होतं. पण तीनशे शहाऐंशी साखर, दीड महिना न भरणारी पायाची जखम आणि वर खुराचं मलम. हे कुठे जातं ते मला ठाऊक होतं. आधी बोट, मग पाय, मग माणूस. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि एका अनोळखी दारुड्यापायी जेवण जात नाही याचाही राग आला.

शुक्रवारी तीनला सोसायटीच्या दारात पांढरी स्कॉर्पिओ येऊन ‘येथे वाहने लावू नयेत’च्या बरोबर समोर थांबली. आधी उतरला डॉलर. पिवळाधमक, रुंद, जीभ बाहेर, सगळं जग आपल्याला खायला घालायलाच जन्माला आलंय अशा खात्रीने आत शिरला आणि माझा कापूस खायला लागला. त्याच्या मागे साखळी धरून श्यामसुंदर, नजर जमिनीवर. त्याच्यामागे संपतराव : पांढरे कपडे, मनगटावर सोन्याचं कडं, डाव्या पायात बूट आणि उजव्या पायात रबरी चप्पल. चपलेतल्या बोटांना कुत्र्याला बांधतात तसली निळी चिकट पट्टी होती. गाडीत मागे एक बाई बसून राहिल्या होत्या.

संपतराव खुर्चीत बसले आणि पाय टेबलाखाली घेतला. मला वास आलाच. तो वास मी गोठ्यांत घेतलेला आहे.

“बाई, डॉलरचं काय निघालं?” त्यांनी विचारलं.

आता मी सरळ म्हणू शकले असते, की नाटक पुरे. पण कपाळावर घाम आलेल्या आणि हात मांडीखाली दाबून बसलेल्या माणसाला तोंडावर पाडलं तर तो उठून जातो. मग गाडी त्याची, पाय त्याचा. मी कागद पुढे ओढला.

“डॉलरला रात्री किती वेळा उठावं लागतं?”

“चार-पाचदा.”

“पाणी?”

“लई. तांब्यानं भागत न्हाई, कळशीच उशाला लागती.”

“वजन?”

“घटलंय. कपडे ढिले पडल्यात.”

डॉलर माझ्या पायाशी कापूस ओकला आणि पुन्हा तोच खायला लागला. त्याच्या अंगावर ढिलं असं काहीच नव्हतं. श्यामसुंदर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

“डॉलर माणसांच्या दवाखान्यात का जात नाही?”

संपतरावांनी आपल्या जमिनीची हकीकत सांगायला घेतली. मला वाटलं विषय टाळताहेत. त्यांची अकरा एकर गेली होती. तिथे उभ्या राहिलेल्या इमारतींना ते अजून पिकांच्याच नावाने ओळखत होते. ज्वारीतली कंपनी, उसातली कंपनी, भुईमुगातलं होस्टेल.

“आन् हरभऱ्यात हॉस्पिटल झालंय,” ते म्हणाले. “मोठं. काचेचं. तिथं डॉलरच्या थोरल्या भावाला नेला होता. त्याला बी असंच बोटाला झालतं. आधी बोट काढलं. मग घोट्यापासनं. मग गुडघ्यापासनं. धोंडिबा तिथंच गेला. सोताच्या हरभऱ्यात, एका पायावर.”

कुत्र्याच्या भावाचं नाव धोंडिबा नसतं, हे कुणीच बोललं नाही. संपतराव मनगटावरचं कडं फिरवत होते. मला त्यांची फार दया आली. दया आली की मला सुचत नाही, म्हणून मी रागावून घेतलं.

“धोंडिबांना कधी नेलं होतं?”

“बोट काळं पडल्याव. आदी त्यानं घरात कुणाला दाखवलंच न्हाई.”

“दाखवलंच नाही.”

“न्हाई.”

“मग हॉस्पिटलने पाय नेला की न दाखवण्याने नेला?”

“तुमी कागदाव गोळी लिवून द्या,” ते म्हणाले. “शामराव आनतील. डॉलर घील गपगुमान.”

“संपतराव, ऐका. मी पन्नास कुत्री बघितली असतील, ज्यांचा एक पाय कापावा लागला. कुत्र्याला त्याचं काही वाटत नाही. आठ दिवसांत तीन पायांवर धावायला लागतो, महिन्याभरात त्याला आठवतही नाही की चौथा होता. तुमचा डॉलर खरंच कुत्रा असेल तर मी आत्ता गोळी लिहून देते आणि आपण सगळे घरी जाऊ. पण आधी त्याचे पाय मोजा.”

संपतरावांनी आधी टेबलाखाली पसरलेल्या डॉलरकडे पाहिलं. मग त्याच्या शेजारच्या रबरी चपलेकडे.

तेवढ्यात दार उघडलं आणि गाडीतल्या बाई आत आल्या. या संपतरावांच्या पत्नी, बायडाबाई. नऊवारी, पायात स्पोर्ट शूज. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, श्यामसुंदरकडे बघितलं, कुत्र्याकडे बघितलं आणि मला विचारलं, “झालं का डॉलरचं?”

“चाललंय,” मी म्हटलं.

“मग माझंबी लिवून घ्या. डॉलर आंगणात मुततो. घरातल्या मोरीत त्यो कंदी पाऊल ठेवत न्हाई. आन् मोरीत सा म्हैनं झालं मुंग्या लागत्यात. वळीनं येत्यात.”

संपतराव कान लाल करून बसले. श्यामसुंदर कॅलेंडरावरच्या एप्रिलमध्ये पोचला होता.

“तुम्हाला सहा महिने माहीत होतं?” मी विचारलं. “मग बोलला का नाहीत?”

“बोलले आसते तर ह्यांनी मुंग्यांचं औषध आणलं आसतं,” बायडाबाई म्हणाल्या. “धोंडिबाभावजींच्या टायमाला मी बोलले हुते. तवा म्हनले, बाईमानसाला काय कळतंय. म्हून ह्या टायमाला म्हनलं, कुनीतरी परकं बोलू दे.” आणि त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

निदान करायला मला चार मशीनं आणि अर्धा दिवस लागला होता. बायडाबाईंनी ते मुंग्यांवर केलं होतं, सहा महिने आधी. कॉलेजात मी कधी इतकं सरळ उत्तर ऐकलं नाही.

मी डॉलरचा रिपोर्ट काढला. खाली मत लिहायला जागा असते, तिथे मी नेहमी पेनाने लिहिते. त्यावेळी लिहिलं : ‘हे रक्त कुत्र्याचे नाही. कोणाचे आहे हे सांगण्याचा मला अधिकार नाही. ज्याचे असेल त्याने आजच्या आज माणसांच्या डॉक्टरकडे जावे. उशीर केल्यास पाय मोजून घ्यावेत.’ सही केली, शिक्का मारला.

संपतरावांनी तो दोनदा वाचला.

“मानसाच्या दवाखान्यात डॉलरच्या नावानं घेत्यात का?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“नाही.”

“हरभऱ्यात जायचं आसंल तर मी न्हाई जानार.”

“हरभऱ्यात नको. माझा धाकटा भाऊ रंगनाथ कर्वे रस्त्याला बसतो. माणसांचा डॉक्टर आहे, फार हुशार नाही, पण पाय वाचवण्याच्या बाबतीत चिवट आहे. मी फोन करते.” मी चिठ्ठी लिहिली, रुग्णाचं नाव ही जागा रिकामी सोडली आणि कागद पेनासह त्यांच्यापुढे सरकवला.

खाली डॉलर घोरायला लागला. मग संपतरावांनी पेन घेतलं आणि एकेक अक्षर लावत लिहिलं : संपत.

“आडनाव बी लिवा,” बायडाबाई म्हणाल्या. “गावात संपत सतरा हायत.”

त्यांनी आडनाव लिहिलं. उठताना तोल गेला तेव्हा बायडाबाईंनी दंड धरला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही. जाताना श्यामसुंदर मला म्हणाला, “मॅडम, माझं कसं?” मी त्याला दर शनिवारी लॅबमध्ये येऊन मायक्रोस्कोपखाली रक्ताच्या काचा बघायची शिक्षा दिली, वर्षभर. बद्रीनाथकाका दारात गाडीचा नंबर लिहून घेत उभे होते. आतलं त्यांनी किती ऐकलं कोण जाणे, पण त्या दिवसानंतर त्यांचं बोट पुढे आलं नाही. ते रंगनाथकडे तपासून आले, असं मला रंगनाथकडूनच कळलं.

रंगनाथने फोनवर मला नेहमीसारखं फारसं काही सांगितलं नाही. रुग्णाची माहिती बाहेर देत नाही म्हणाला, बहिणीलासुद्धा नाही. मी त्याला तत्त्वनिष्ठ गाढव म्हटलं आणि मला झोप लागेना. श्यामसुंदरही शनिवारी यायचा, पण अण्णांचं नाव काढलं की काचेत डोळा घालून बसायचा. या खेपेला त्याने शपथ पाळायची ठरवली होती. महिना गेला, दुसरा गेला. रस्त्यात कुठलीही पांढरी स्कॉर्पिओ दिसली की मी उगाच उतरणाऱ्याच्या उजव्या पायाकडे बघायचे.

जूनमध्ये हिंजवडीहून दोन नळ्या आल्या. नाव डॉलर, लॅब्रेडोर, नर, सहा वर्षं. मी हातातलं काम टाकून ते रक्त लावलं. युरिक ॲसिड नावापुरतं. अमायलेज सातशे चाळीस. लाल पेशींचा आकार एकोणसत्तर. साखर अठ्ठ्याण्णव. कुत्रा. शंभर टक्के, नखशिखांत कुत्रा. फक्त कोलेस्टेरॉल वाढलेलं होतं, बऱ्यापैकी.

मग मी कागद नीट बघितला. या वेळी तपासणीच्या रकान्यात ‘सगळ्या’ लिहिलं होतं, तेही श्यामसुंदरच्या अक्षरात नव्हे. मोठी, एकेक लावून काढलेली अक्षरं होती. खाली शेरा या जागेत त्याच हाताने लिहिलं होतं :

‘मालकाच्या वाटणीचं गोड सध्या डॉलर खातो, त्याचं बघा. मालकाची पायाची बोटं नऊ. पाय दोन. मोजले.’